पतसंस्थेच्या वार्षिक सभेचं पॉवरपॉइंट: आधी मजकूर, आकडे शेवटी

सहकार कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की पतसंस्थांची सादरीकरणं माझ्या टेबलावर येतात. अहवाल वर्डमध्ये, ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक एक्सेलमध्ये, फोटो व्हॉट्सॲपवर. चाळीसेक स्लाइडचं हे काम शॉर्टकट पाठ असले म्हणून लवकर उरकत नाही. कुठून सुरुवात केली, यावर सगळं ठरतं. एकेक स्लाइड सजवत गेलं की शेवटी अध्यक्ष "अक्षर जरा मोठं करा" म्हणतात, आणि पहिल्या स्लाइडपासून पुन्हा तेच सगळं.

आधी अहवालाचा फाँट बघायचा. छापखान्यातून आलेली फाइल बरेचदा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या मराठीत, नसते. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. फाँट बदलला की वाचता न येणारी अक्षरं उरतात. असा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणतो आणि लगेच ऱ्हस्व वेलांटी व रफार तपासतो. जुन्या फाँटांत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. कन्व्हर्टर अडखळतो तो इथेच. 'वार्षिक' आणि 'आर्थिक' या शब्दांत दोन्ही एकाच जोडाक्षरावर येतात, म्हणून हेच दोन शब्द फाइलभर शोधतो. ते धड उतरले असतील तर बाकीचा मजकूर सहसा धड असतो.

मग वर्डमध्येच स्लाइडच्या शीर्षकांना 'हेडिंग १' आणि मुद्द्यांना 'हेडिंग २' ही स्टाइल द्यायची, फाइल सेव्ह करून बंद करायची आणि पॉवरपॉइंटमध्ये 'न्यू स्लाइड'खालचा बाण दाबून 'स्लाइड्स फ्रॉम आउटलाइन' निवडायचं. सगळा सांगाडा एका झटक्यात उभा राहतो. 'नॉर्मल' स्टाइलमधला मजकूर मात्र येत नाही. हे सोयीचंच आहे, कारण अहवालातले लांबलचक परिच्छेद स्लाइडवर नकोच असतात.

आता 'व्ह्यू'मधून 'स्लाइड मास्टर', म्हणजे सगळ्या स्लाइडचा साचा. इथला बदल सगळीकडे लागू होतो. सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो. सर्वांत आधी स्लाइडचा आकार. जुन्या सभागृहांतले प्रोजेक्टर अजूनही ४:३ चे निघतात. त्यावर १६:९ ची स्लाइड पडद्याची पाऊण उंचीच वापरते. म्हणून सभागृहात फोन करून विचारायचं आणि मग 'डिझाइन'मधला 'स्लाइड साइज' ठरवायचा. नंतर बदलला तर तक्ते आणि चौकटी हलतात.

फाँटमध्ये खरी गोम आहे. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये देवनागरीसाठी मंगल नेमलेला असतो, पण विंडोज १० पासून मंगल मूळ संचात नाही. हिंदी किंवा मराठी भाषा जोडली तरच तो येतो. सभागृहातल्या लॅपटॉपवर तो नसला तर दुसरा फाँट बसतो आणि ओळी भलत्याच ठिकाणी तुटतात. मी निर्मला यूआय वापरतो, कारण तो विंडोज ८ पासून सोबतच येतो. मुक्तासारखा खुला फाँट हवा असेल तर 'फाइल – ऑप्शन्स – सेव्ह'मध्ये 'एम्बेड फाँट्स इन द फाइल'वर खूण करायची. फाँट निवडल्यावर एका स्लाइडवर मराठी ओळ टाइप करून बघायची, कारण कधी कधी इंग्रजी अक्षरं तेवढी बदलतात आणि मराठी जुन्याच फाँटमध्ये राहतं.

ओळींमधलं अंतरही तिथेच सुधारायचं. थीममध्ये ते ०.९ असतं, इंग्रजीला पुरेसं. मराठीत वरच्या ओळीतल्या 'पू'चा उकार खालच्या ओळीतल्या 'र्की'च्या रफारावर टेकतो. १.१ केलं की मोकळं होतं. 'ऑटोफिट' बंद करायचं, नाहीतर मजकूर वाढेल तसं अक्षर आपोआप बारीक होतं आणि प्रत्येक स्लाइडवर अक्षराचा आकार वेगळा दिसतो. २८ पेक्षा लहान अक्षर मागच्या रांगेतल्या सभासदाला वाचता येत नाही, असं माझं मत. संस्थेचं बोधचिन्ह मास्टरवर एकदाच टाकायचं.

मजकूर नेहमी मास्टरने दिलेल्या चौकटीतच हवा. वेगळी 'टेक्स्ट बॉक्स' काढली की तिला मास्टरमधला बदल लागू होत नाही. कोणी हाताने काही हलवलं असेल तर 'होम'मधलं 'रिसेट' दाबायचं, स्लाइड मूळ जागी येते.

आकडे अगदी शेवटी, कारण लेखापरीक्षकाकडून दुरुस्ती येतेच. एक्सेलमधला आलेख चिकटवताना 'लिंक डेटा'चा पर्याय घेतला तर बदललेला आकडा स्लाइडवर येतो. एक्सेलची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये गेली की दुवा तुटतो. 'फाइल – इन्फो'मधल्या 'एडिट लिंक्स टू फाइल्स'मधून नवी जागा दाखवायची. आकडे अंतिम झाले की तिथूनच 'ब्रेक लिंक'. स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे पडत नसतील तर दोष एक्सेलचा नसतो. विंडोजच्या 'रीजन'मध्ये भारत निवडलेला नसतो.

फोटोंचं काम सोपं: एक फोटो निवडून 'कॉम्प्रेस पिक्चर्स', १५० पीपीआय (इंचामागे १५० ठिपके), आणि 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर'वरची खूण काढायची, म्हणजे सगळेच फोटो लहान होतात.

सभेत विंडोज-पी दाबून 'एक्स्टेंड' निवडतो, म्हणजे टिपणं फक्त माझ्यासमोर राहतात. शिफ्ट-एफ५ ने चालू स्लाइडपासून सादरीकरण सुरू होतं. थकबाकीच्या तक्त्यावर कोणी मध्येच प्रश्न विचारणार हे ठरलेलंच. स्लाइड क्रमांकांची यादी कागदावर छापून जवळ ठेवतो. १८ टाइप करून एंटर दाबलं की थेट अठरावी स्लाइड. त्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर आणून ठेवायचा.