अर्जावर राहून गेलेली ओळ

मूत्रपिंड प्रत्यारोपणाला सहा वर्षे झाली होती आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन स्थिर होते, त्यामुळे रोज पहाटे डोके दुखू लागले तेव्हा मी त्याचा दोष रक्तदाबाला देऊन मोकळा झालो. पुढे सही करताना उजवा हात अडखळू लागला. एमआरआयमध्ये मेंदूच्या बाह्य आवरणाला चिकटलेली गाठ दिसली. अहवालात ‘मेनिंजिओमा’ असे लिहिले होते, आणि तो बहुधा सौम्य असतो म्हणून शस्त्रक्रियेने विषय संपेल, असे आम्ही गृहीत धरले.

गाठ काढली गेली, पण पॅथॉलॉजी विभागाकडून अहवालाऐवजी प्रश्न आला : रुग्णाला एचआयव्हीची लागण आहे का, किंवा एखाद्या अवयवाचे प्रत्यारोपण झाले आहे का? तपासणीच्या अर्जावर माझ्या प्रत्यारोपणाचा उल्लेखच नव्हता. प्रश्नाचा मला रागच आला होता. तो किती नेमका होता, हे सूक्ष्मदर्शकाखाली गाठीची काचपट्टी पाहिल्यावर कळले.

चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशींच्या जुड्या एकमेकींना छेदून जात होत्या. त्या मेनिंजिओमाच्या नव्हेत, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतात तशा अरेखित स्नायूंच्या होत्या, आणि विषाणूचा माग काढणाऱ्या ‘ईबर’ तपासणीत त्यांची केंद्रके गडद रंगली होती, म्हणजे प्रत्येकीत एपस्टाइन-बार विषाणू होता. १९६४ मध्ये शोधला गेलेला हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर निद्रिस्त असतो. मूत्रपिंड नाकारले जाऊ नये म्हणून घेतलेल्या माझ्या गोळ्यांनी नेमके त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींनाच दाबून ठेवले होते. प्रत्यारोपणानंतर या विषाणूमुळे लिम्फोमा, म्हणजे लसिका-पेशींचा कर्करोग, होऊ शकतो, हे मी ऐकून होतो. स्नायूंची गाठ, तीही डोक्यात, ही मात्र फारच विरळ गोष्ट.

मग छाती-पोटाचा सीटी स्कॅन झाला आणि यकृतात आणखी एक लहान गाठ सापडली. ती डोक्यातून पसरलेली असेलच असे नाही, अशा गाठी अनेकदा वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे उगवतात, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याने धीर आला की भीती वाढली, हे मला आजही सांगता येत नाही.

औषध बदलताना खरी तारेवरची कसरत झाली. प्रतिकारशक्ती मोकळी सोडावी, तर मूत्रपिंड नाकारले जाण्याचा धोका. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या गोळीऐवजी सिरोलिमस द्यायचे ठरले, कारण ते प्रत्यारोपित अवयव सांभाळते आणि या पेशींच्या वाढीला चालना देणारा एमटॉर मार्गही रोखते. परंतु ते जखम लवकर भरू देत नाही, म्हणून टाके पूर्ण सुकेपर्यंत थांबावे लागले. नंतर तोंड इतके आले की पाणीही झोंबायचे, आणि कोलेस्टेरॉलसाठी आणखी एक गोळी डबीत आली.

नऊ महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये डोक्यातली जागा स्वच्छ आहे. यकृतातली गाठ तेवढीच आहे.