रोडग्यांची पंगत आणि हर्ष दुबेचा मोसम

आमच्या मंडळाचं स्नेहसंमेलन जानेवारीत होतं, काटोलच्या बाजूला एका सभासदाच्या वावरात, संत्र्याच्या झाडांखाली. सकाळीच गोवऱ्या पेटतात. काकू-मावश्या कणकेचे रोडगे करायला बसतात, मोठ्या गंजात वांग्याची भाजी चढते. रोडगे निखाऱ्यात नीट भाजून निघेपर्यंत जो वेळ मिळतो, तो सगळा रणजीचा, म्हणजे राज्याराज्यांच्या संघांमधल्या रणजी करंडक क्रिकेटचा. पोट्टे टेनिस बॉल घेऊन एका धुऱ्याकडे, मोठी माणसं दुसऱ्या धुऱ्याकडे, आणि दोन्हीकडे विषय एकच.

लहानपणी त्या गप्पा ऐकून जीव तुटायचा. विदर्भ रणजी खेळतोय १९५७-५८ पासून, पण काका लोकांच्या आठवणी असायच्या त्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर येऊन गेलेल्या बाहेरच्या मोठ्या खेळाडूंच्या. आपल्यांच्या गोष्टी थोड्या, त्यातल्या बहुतेक थोडक्यात हुकल्याच्या. तरी ते दरवर्षी तितक्याच मायेनं सांगायचे. विदर्भाच्या क्रिकेटचा लळा मला लागला तो तिथेच, त्या धुराच्या वासात.

२०१८ ची पंगत तर कुणीच विसरणार नाही. १ जानेवारीला इंदूरमध्ये दिल्लीला नऊ विकेटनी हरवून फैज फझलचा संघ पहिल्यांदा रणजी विजेता झाला होता. रजनीश गुरबानीची फायनलमधली हॅटट्रिक एका काकांनी वावरात धावून दाखवली, तीही तिन्ही चेंडूंची वेगवेगळी. वरणाला फोडणी द्यायचं राहून गेलं तरी कुणी बोललं नाही. पुढच्या वर्षी नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राविरुद्ध आदित्य सरवटेनं फायनलमध्ये ११ विकेट घेतल्या, पुजाराला दोन्ही डावांत बाद केलं, आणि सरवटे आमच्या घरचाच झाला.

म्हणून २०२४-२५ च्या मोसमाआधी तो केरळकडे गेला तेव्हा मंडळात खरंच उदास वाटलं. डावखुरी फिरकी, वर खालच्या क्रमांकावर येऊन धावा करणारा हात, अशी जोडी पुन्हा कुठून आणायची? जानेवारी २०२५ च्या पंगतीला उत्तर तयार होतं. मोसमाचा पहिला टप्पा संपलेला होता आणि विदर्भाचाच डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे विकेटमागून विकेट काढत सुटला होता. आपल्याकडून खेळणाऱ्या करुण नायरच्या विजय हजारे या एकदिवसीय स्पर्धेतल्या शतकांची चर्चा भाजीबरोबर उकळतच होती, पण आमचे सगळ्यात वडील काका हर्षवरून हलायला तयार नव्हते. मला म्हणाले, "काऊन बे, सरवटे गेला म्हणून रडत होता ना? आता याले पाय."

मग पाहिलंच. फेब्रुवारीत नागपुरात सेमीफायनल, समोर मुंबई. जिंकायला त्यांना ४०६ हव्या होत्या. पहिल्या डावात पार्थ रेखडेनं एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना परत पाठवलं होतं. दुसऱ्या डावात हर्षनं पाच काढले आणि मुंबई ३२५ वर संपली. ज्या मुंबईचं नाव निघालं की आमच्याकडे आवाज खाली यायचा, तिला हरवून आम्ही फायनलला गेलो.

फायनल केरळशी, त्यांची पहिलीच. आणि त्यांच्याकडून जामठ्यावर ७९ धावा केल्या त्या आपल्या सरवटेनं! आम्ही त्याच्यासाठीही मनापासून टाळ्या वाजवल्या. हर्षला त्या डावात तीन विकेट मिळाल्या आणि मोसमाचा आकडा ६९ झाला. एका रणजी मोसमात इतक्या विकेट आजवर कुणीच घेतल्या नव्हत्या. आधीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा, ६८. अमनची मेहनत मोठीच, पण तो विक्रम खालच्या प्लेट गटात, नव्यानं आलेल्या संघांविरुद्ध होता. हर्षनं हे वरच्या एलिट गटात आणि बाद फेऱ्यांत केलं, म्हणून माझ्या लेखी त्याचं वजन जास्त. काकांचं मोजमाप मात्र बिशनसिंग बेदी. १९७४-७५ मधल्या बेदींच्या ६४ विकेट हा आकडा त्यांनी उभा जन्म सांगितला होता. तो आकडा आपल्या पोराने ओलांडला, तोही डावखुऱ्या फिरकीनं, याचा त्यांना झालेला आनंद मी जवळून पाहिला.

शिवाय त्याच मोसमात ४७६ धावा. मालिकावीर दुसरा कोण होणार होता? मे महिन्यात आयपीएलमध्ये हैदराबादनं त्याला बोलावलं, मग भारत 'अ' संघाबरोबर तो इंग्लंडला गेला. चांगलंच झालं. पण हर्ष खरा कळतो तो चार दिवसांच्या सामन्यात, एक टोक धरून षटकामागून षटक टाकताना, आणि सहा गडी बाद झाल्यावर पॅड बांधून येताना.

विजेतेपदानंतर मंडळानं मार्चच्या उन्हात जादा पंगत केली. रोडगे तेच, भाजी तीच, फक्त सावलीसाठी भांडाभांडी जास्त. हर्षला फलंदाजीत वर पाठवावं की नाही यावर जेवणं थंड झाली. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांनी हात वर केले: यापुढे पंगतीची तारीख रणजीचं वेळापत्रक पाहूनच ठरवायची.