मांजरीचा लिटर ट्रे हलवताना

नाशिकचा पाऊस तिरपा झोडपतो, त्यामुळे जूनपासून बाल्कनीतला ट्रे आत घ्यावाच लागतो. ट्रेमधलं लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी पसरलेली बेंटोनाइट ही दाणेदार चिकणमाती, भिजलं की त्याचा चिखल होतो, मग मांजर त्यात पाय घालत नाही.

पण एका दिवसात उचलून आत ठेवू नका. मांजर वासावर आणि सवयीवर चालतं. ट्रे सापडला नाही की जुन्याच कोपऱ्यात, कोरड्या फरशीवर उरकतं. रोज फूटभर सरकवा. मध्ये दार किंवा जिना येत असेल तर सरकवण्याच्या भानगडीत न पडता नव्या जागी दुसरा ट्रे मांडा. लिटर तेच, थर दोन-तीन इंच, वर जुन्यातलं वाटीभर. नव्या ट्रेमध्ये आठवडाभर नियमित जायला लागलं की मगच जुना उचला.

वॉशिंग मशीनशेजारची जागा सोयीची वाटते, पण ऐन वेळी मशीन गरगरलं की बिचारं उडी मारून पळतं आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. जेवणाच्या वाटीपासूनही लांबच.

जुनी जागा एन्झाइम क्लीनरने (लघवीचा वास घालवणाऱ्या द्रवाने) पुसा. फिनाइल अजिबात नको, त्यात फिनॉल असू शकतं आणि ते मांजरांना विषारी. आणि बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय, लघवी होत नाहीये, तर दोष जागेचा नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.