आमची वाटचाल : गरम हवेचा धंदा

भोसरीतलं आमचं गाड्या ट्यून करायचं वर्कशॉप उभं राहिलं ते बाबांच्या कार्बोरेटरच्या, म्हणजे इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या कामावर. उन्हाळ्यात कुठला मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) आणि थंडीत कुठला, हे ते प्लगचा रंग बघून ठरवायचे. पुढे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या एमपीएफआय गाड्या आल्या आणि 2000 नंतर ते काम आटत गेलं. मी लॅपटॉप घेऊन ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या मागे लागलो. बाबांना तो बरेच दिवस पोरखेळ वाटत होता.

सुरुवातीचं गिऱ्हाईक डायनोच्या, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या कागदासाठी यायचं. किती बीएचपी वाढले तेवढं सांगा, बाकी काही नको. पोलो, लिनिया टी-जेट, ऑक्टाविया अशा टर्बोवाल्या, म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणाऱ्या गाड्या. मग हीच मंडळी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर जायची आणि तिथून फोन यायचा, "दादा, पहिले दोन लॅप गाडी सुसाट, मग पिकअपच मेला."

डायनोवर काही सेकंदांचा एक पुल (पूर्ण जोराची एक धाव), मग मोठा पंखा लावून विश्रांती. त्यात इंटरकूलर, म्हणजे टर्बोची तापलेली हवा गार करणारा रेडिएटर, तापणार कधी? वर सॉफ्टवेअर हवेचं तापमान हिशेबात धरून आकडा दुरुस्त करून देतं. ट्रॅकवर ही सूट कोण देतो!

बाहेर 35 अंश आहेत असं धरा. टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला आणि त्यातल्या हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के असली, तर हवा 130 अंशांपर्यंत तापते. इंटरकूलर ती 50 वर आणतो, पण चार-पाच लॅपनंतर तोच तापला की 70 वर थांबतो. या 20 अंशांत हवेची घनता साधारण 6 टक्के घटते. तेवढ्यावर भागलं असतं तर गिऱ्हाइकाला कळलंही नसतं. खरा मार बसतो तो नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून इंजिनात ठोके बसण्याचा. गरम हवेत मिश्रण लवकर भडकतं, ईसीयू घाबरून टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो, टॉर्क पडतो आणि एक्झॉस्ट आणखी तापतो. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी, 12 अंशांत, अगदी कडेपर्यंत ताणलेला मॅप (ईसीयूतली सेटिंग) चेन्नईच्या दुपारी टिकणार नाही, हे उघड आहे.

म्हणून आम्ही पीक पॉवरचा आकडा विकणं बंद केलं. आता गाडी देताना हातात लॉग (गाडी चालतानाच्या आकड्यांची नोंद) देतो, तोही इंजिन आणि इंटरकूलर पूर्ण तापल्यावरचा. काही गिऱ्हाइकं शेजारच्या गल्लीत गेली. तिथे कागदावर आकडा मोठा मिळतो.

आमचं नाव झालं ते मात्र बिनटर्बोच्या गाडीवर. ट्रॅकसाठी मोकळी केलेली जुनी होंडा सिटी व्हीटेक. पिटमधून निघाली की पहिल्या वळणापर्यंत अडखळायची, नंतर ठीक. आधीच्या गॅरेजने इंजेक्टर बदलून पाहिले होते. लॉग उघडला तर गाडी उभी असताना हवेचं तापमान चढतच चाललेलं. हवा तेवढी गरम नव्हती. सेन्सर अॅल्युमिनियमच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा वाटून देणाऱ्या नळ्यांवर) बसलेला, तो धातूचं तापमान सांगत होता. ही गाडी हवेचं वस्तुमान मोजत नाही, दाब आणि तापमानावरून काढते. सेन्सर गरम सांगतोय म्हणजे हवा विरळ, म्हणून पेट्रोल कमी. प्रत्यक्षात आत थंड, दाट हवा येत होती आणि मिश्रण लीन होत होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होतं. सेन्सर फिल्टरनंतरच्या रबरी पाइपात हलवला, मॅनिफोल्डखाली हायलमचा (उष्णता अडवणाऱ्या कडक शीटचा) स्पेसर घातला आणि तापमानाचं करेक्शन टेबल नव्याने भरलं. सामानाचा खर्च किरकोळ होता, टेबल भरण्यातच वेळ गेला.

त्यानंतर पत्र्याचं काम आपोआप वाढलं : बंद एअरबॉक्स, बंपरमधून इंटरकूलरवर वारा नेणारे डक्ट, एक्झॉस्टवर हीटशील्ड. आर्गन वेल्डिंगला आधी बाहेर पाठवायचो, आता आपलीच पोरं करतात, आणि बाहेरच्यापेक्षा नीट करतात. सध्या ई20 वरच्या, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरच्या गाड्या येतायत. इथेनॉलची वाफ होताना हवेतली उष्णता जास्त शोषली जाते, त्यामुळे टायमिंगला थोडी मोकळीक मिळते. पण पेट्रोल जास्त लागतं, त्यामुळे इंजेक्टर पुरतो का ते आधी बघावं लागतं.

मे महिन्यात मॅपिंगसाठी आम्ही दुपारी बारा ते चारचीच वेळ देतो, शटर उघडं ठेवून. सकाळी सहाची वेळ मागणाऱ्याला नाही म्हणतो.