बॅटरीवरचा आळ

आपल्या खान्देशात गाडी बंद पडली की निदान आधी होतं, बॉनेट नंतर उघडतं. पारोळा-एरंडोलच्या मध्ये कुठेही गाडी कडेला घ्या. पाच मिनिटांत दोन मोटारसायकली वळून येतात, एखादा ट्रॅक्टर हळू होतो आणि डोक्याला उपरणं गुंडाळलेले कुणी नाना लांबूनच निकाल देतात, "बॅटरी गेली भो!" धक्का मारायला हेच नाना सर्वांत पुढे असतात, म्हणून त्यांच्याशी वाद घालवत नाही. पण बॅटरी पुष्कळदा निर्दोष असते. चार-पाच हजारांची नवी बॅटरी बसते, आठवडाभराने गाडी त्याच ठिकाणी पुन्हा मुकी होते, आणि मग नव्या बॅटरीलाही शिव्या बसतात.

आधी विचारायचं ते एवढंच, की वीज गेली कशी? चालत्या गाडीत एका क्षणात सगळं काळं झालं, की आधी दिवे पिवळे पडले, हॉर्नचा आवाज बसला, वायपर रेंगाळले आणि मग इंजिन थांबलं? दोन्हींत गाडी रस्त्यातच उभी राहते, पण आजार निराळे.

हळूहळू गेली असेल तर संशय अल्टरनेटरवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डायनामोवर. तो चार्ज देईनासा झाला की गाडी बॅटरीत साठलेल्या विजेवर चालत राहते आणि मीटरवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे हिशोबाने ३५ अँपिअर तासभर पुरवणारी. रात्रीची वेळ, हेडलाइट, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, पेट्रोलचा पंप असं सगळं मिळून २५-३० अँपिअर सहज ओढतं. म्हणजे कागदावर तासाभराचा धंदा, प्रत्यक्षात त्याहून कमी. लाल दिवा दिसला की एसी आणि म्युझिक बंद करायचं, इंजिन बंद करायचं नाही, आणि सरळ जवळचं गाव गाठायचं. इंजिन बंद केलं तर पुन्हा सेल्फ मारायला वीज उरलेली नसते. अपवाद एकच, पण महत्त्वाचा. पुष्कळ गाड्यांत डायनामो आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. लाल दिव्याबरोबर तापमानही चढायला लागलं तर पट्टा तुटलेला आहे. मग गाव कितीही जवळ असो, तिथेच थांबायचं, नाहीतर डायनामोचं काम इंजिनच्या हेडपर्यंत जातं.

एका क्षणात गेली असेल तर गोष्ट बहुधा स्वस्तातली असते. बॉनेट उघडून टर्मिनलचा क्लॅम्प, म्हणजे जाड वायर बॅटरीच्या खुंटाला धरून ठेवणारी पकड, हाताने पिळून पाहा. हाताने फिरला की चोर सापडला. फिरला नाही तरी त्याखालचा पांढरा-हिरवा थर बघायचा. आता कुणी म्हणेल, आतला दिवा तर लागतोय, मग कनेक्शन खराब कसं? इथेच माणूस फसतो. आतला छोटा दिवा जेमतेम अर्धा अँपिअर खातो, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, मात्र दीडशेच्या आसपास मागतो, डिझेल गाडीत त्याहून जास्त. गंजलेल्या जोडात ०.०५ ओहमचा अडथळा आहे असं धरा. दिव्यासाठी तिथे ०.०२५ व्होल्ट पडतात, दिव्याला पत्ताही लागत नाही. सेल्फसाठी त्याच जागी साडेसात व्होल्ट पडू पाहतात. चावी फिरवली की म्हणूनच एक 'टक' होतं आणि डॅशबोर्डसकट सगळं अंधारतं. थोड्या वेळाने दिवे आपोआप परत येतात, आणि बघे मंडळी त्यात दैवी हात पाहतात.

हे मोजायला तीन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरं त्याच खुंटावरच्या क्लॅम्पवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर जोड खराब. मग एक टोक निगेटिव्ह खुंटावर ठेवून दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर लावायचं. इथे आकडा मोठा आला तर अर्थची पट्टी बघायची. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी ही विणलेल्या तांब्याची पट्टी खालच्या बाजूला असते, चिखल-धूळ खात कुजते आणि कुणाच्या नजरेत येत नाही. आमच्याकडची काळ्या मातीची धूळ पहिल्या पावसात जिथे चिकटते तिथे महिनोन्महिने ओल धरून बसते, त्यामुळे या पट्टीवर माझा विशेष राग आहे.

साफसफाईला दहाचा पाना, कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा आणि पॉलिश पेपरचा तुकडा लागतो. काढताना आधी निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगीचा असा झोत उडतो की पाना चिकटून लाल होतो. लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. वरून व्हॅसलीन. नट घट्ट हवा, पण अंगातली सगळी ताकद लावायची नाही, कारण शिसं मऊ असतं.

आता बॅटरीचा खरा दोष. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बॉनेटखालचं तापमान त्याहून कितीतरी वर. बॅटरीतली रासायनिक झीज दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, त्यांच्या जाळ्या गंजतात. गंमत म्हणजे उन्हाळाभर ती कुरकुरत नाही, कारण गरम इंजिन सहज फिरतं. पितळ उघडं पडतं डिसेंबरात. भरीत पार्टीचे दिवस असतात, मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत असतात आणि उजेडासाठी कुणीतरी गाडीचे हेडलाइट लावून ठेवलेले असतात. दोन बल्ब मिळून १० अँपिअर, दोन तासांत २० अँपिअर-अवर. नव्या बॅटरीने कसंबसं सोसलं असतं. उन्हाने अर्धी झालेली तिथेच मान टाकते. रात्री अकराला, थंडीत, पोटात भरीत-भाकरी असताना धक्का मारणं सोपं नाही.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर तिचं आयुष्य संपत आलं. एक फसवा प्रकारही असतो. आतल्या दोन सेलमधला सांधा तडकलेला असतो, मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि भार पडताच शून्यावर येतो. अशा वेळी नानांचा निकाल खरा ठरतो, आणि तो मोठ्या मनाने मान्य करावा.

मेन फ्यूज उडाला असेल तर त्याजागी तार गुंडाळू नका. तो उडाला म्हणजे बहुधा कुठेतरी वायर बॉडीला टेकली आहे. पुष्कळदा ती नंतर बसवलेल्या फॉग लॅम्पची किंवा मोठ्या हॉर्नची असते, स्वतःचा फ्यूज न लावता ओढलेली. शेताकडेला गाडी लावत असाल तर उंदरांचे दातही तपासा.

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना चालत्या गाडीची वीज गेली तर निदान नंतर. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग जड होतं, पण वळतं. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये इंजिन बंद पडल्यावर दोन-तीन दाबांपुरतीच मदत उरते, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा पंप न करता एकदाच घट्ट दाबून ठेवायचा. गाडी थांबेपर्यंत चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. मग हँडब्रेक, पहिला गिअर, चाकामागे दगड. वीजच नसेल तर चारी इंडिकेटरही लागत नाहीत, तेव्हा डिकीतला लाल त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवायचा.

राहता राहिली ती एक जुनी परीक्षा. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल उपटायचं, गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला. अँबॅसेडरच्या काळात हे खपून जायचं. आजच्या गाडीत त्या क्षणी डायनामोचा व्होल्टेज उसळतो आणि ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, जळू शकतो, ज्याची किंमत चार-पाच बॅटऱ्यांच्या वर जाते. चालू इंजिनावर बॅटरीला मीटर लावला आणि १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा दिसला की डायनामो बहुधा ठीक. याला दहा सेकंद लागतात. टर्मिनल उपटायला त्याहून जास्त.