रात्री दहानंतरचा डग्गा

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की आता स्पीकर बदलायचे नाहीत, आहे त्यातूनच हळू आवाजात समाधान मिळतंय का ते बघायचं. दोन महिने झाले. स्पीकर तेच आहेत, साडेसहा इंची वूफरचे (खालचे सूर देणारा मोठा पडदा), ८६ डेसिबल (डीबी) सेन्सिटिव्हिटीचे छोटे बुकशेल्फ. अ‍ॅम्पही तोच, जुना जपानी इंटिग्रेटेड.

नवीन मंडळींसाठी घरची परिस्थिती: आई साडेनऊला झोपते, चिरंजीव दहावीला, मधली भिंत चार इंची. मला ऐकायला मिळतं ते दहा ते साडेअकरा. रविवारी दुपारी ज्या रेकॉर्डिंगमध्ये डग्गा पोटात घुमतो, तेच रात्री लावलं की पत्र्याच्या डब्यावर टिचक्या मारल्यासारखा वाजतो. गाणं चालू असतं, पण बैठक उठून गेलेली असते.

याचं खापर मी आधी अर्थातच स्पीकरवर फोडलं होतं. खरं कारण कानात आहे: आवाज हळू झाला की खालचे सूर कानाला वरच्यांपेक्षा जास्तच कमी ऐकू येतात. बेल लॅब्जमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून ठेवलंय, आणि आजची सुधारित वक्रं आयएसओ २२६ या मानकात आहेत. १ किलोहर्ट्झचा सूर ८० डीबीवरून ४० वर आणला, तर १०० हर्ट्झचा सूर तेवढाच उतरल्यासारखा वाटायला त्याला जेमतेम २८ डीबीच खाली आणायला हवं. आपली नॉब मात्र दोघांनाही सारखीच ४० ने खाली खेचते. म्हणजे खालच्या पट्टीचं दहा-बारा डीबी नुकसान ठरलेलंच.

गंमत म्हणजे तानपुरा यातून बराचसा सुटतो. काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी) लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, पण जवारीमुळे (घोडीवर तार झणझणत ठेवायची करामत) वरचे स्वर इतके भरपूर निघतात की मूळ सूर ऐकू आला नाही तरी कान तो भरून काढतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याला अशी सोय नाही. म्हणून आता चाचणीला तानपुरा नाही, विलंबितातला डग्गा. मनगटाने दाबून काढलेला ‘घे’ वर सरकताना ऐकू आला तर पास.

पहिलं काम, खोलीतला इतर आवाज कमी करणं, फुकटात झालं. मोबाइलवरचं ध्वनिमापक अ‍ॅप खरं किती दाखवतं देव जाणे, पण दोन आकड्यांमधला फरक बघायला पुरतं. पंखा चारवर असताना खुर्चीपाशी ४६ डीबी, दोनवर ३९, बंद केल्यावर ३४. मी ऐकतो ५५ ते ५८ ला. चारवरच्या पंख्याखाली गाण्यातली निम्मी बारीक कलाकुसर वाऱ्यात जाते आणि आपण हजार रुपयांच्या केबलची चर्चा करतो! एप्रिलात पंखा बंद ठेवणं हा अघोरी प्रकार आहे, त्यामुळे दोनवर तडजोड.

मग खुर्ची पुढे ओढली. २.८ मीटरवरून १.४ वर. अंतर निम्मं झालं की स्पीकरचा थेट आवाज ६ डीबीने वाढतो आणि शेजारच्या खोलीत मात्र काडीचाही फरक पडत नाही. बायको म्हणाली, “टीव्हीला नाक लावून बसणाऱ्या पोरासारखा दिसतोस.” दिसू दे.

आता मुख्य दुखणं. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो आणि या जुन्या अ‍ॅम्पला पूर्ण ताकदीसाठी १५० मिलिव्होल्टच पुरतात. त्यामुळे रात्री आवाजाची नॉब घड्याळातल्या आठच्या जागेवरून वर जातच नाही, आणि तिथे नॉबमागच्या कार्बन पॉटचे (फिरवून बदलणारा रोध) डावा-उजवा असे दोन ट्रॅक एकमेकांशी जुळत नाहीत. गायिका मधोमध बसायची सोडून डावीकडे सरकून बसते. उपाय जुनाच: इनपुटलाच १० डीबी कापायचे. ६.८ के (किलोओहम) रेझिस्टर सिरीजमध्ये, ३.३ के ग्राउंडला, अ‍ॅम्पचा इनपुट ४७ के धरून हिशेब बरोबर दहाच्या जवळ येतो. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर पुण्यातल्या तपकीर गल्लीत किरकोळीत मिळाले. केबलच्या टोकाच्या आरसीए प्लगच्या पोटातच बसवले.

सोल्डर करून लावलं, तर बाई आता उजवीकडे! आधीपेक्षाही लांब. अर्धा तास अ‍ॅम्पला शिव्या दिल्यावर प्लग उघडला. उजव्यात दोन रेझिस्टरची अदलाबदल झाली होती, म्हणजे तिथे दहाऐवजी चारच डीबी कापले जात होते. साठ वॅटच्या पिवळ्या दिव्यात, चष्मा कपाळावर ठेवून रंगपट्ट्या वाचू नयेत. मल्टिमीटर समोरच पडलेला होता.

दुरुस्तीनंतर नॉब पावणेदहाला आली आणि गायिका मधोमध. पण खरा लाभ अनपेक्षित होता. लाउडनेसचं बटण मी वर्षानुवर्षं ढुंकूनही पाहिलं नव्हतं, कारण दाबलं की सगळं ढब्ब व्हायचं. या बटणाचं सर्किट व्हॉल्यूमच्या पॉटवरच्या मधल्या टॅपला जोडलेलं असतं. नॉब जितकी खाली, तितका बास जास्त उचलला जातो. आवाज बऱ्यापैकी असला तरी नॉब आठवर, म्हणून अ‍ॅम्पला वाटायचं की हा माणूस कुजबुजत ऐकतोय. दहा डीबी कापल्यावर नॉबची जागा आणि खरा आवाज यांचा मेळ बसला. बटण दाबलं, आणि ‘घे’ वर सरकताना ऐकू आला. आईच्या खोलीत जाऊन कान दिला, तिथे फक्त घोरणं.

बासची नॉबही चाळवून पाहिली होती. ती शंभराच्या बरीच वरपर्यंत उचलते, पुरुषांचा आवाज घशात कापूस कोंबल्यासारखा होतो. नको. एका मित्राकडे यामाहाचा ए-एस ५०१ आहे, त्यावर लाउडनेसची वेगळीच नॉब: आधी मोठ्यात मोठा आवाज लावायचा, मग याच नॉबने खाली यायचं. कल्पना झकास आहे. चिरंजीवांची परीक्षा संपली की रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर कॅमिलाडीएसपी हे आवाज घडवणारं सॉफ्टवेअर टाकून तसंच काही जमवायचा विचार आहे.

एक खुसपट राहिलंय. पंखा दोनवर ठेवला की ट्वीटरमधून (वरचे सूर देणारा छोटा पडदा) बारीक चर्र येतं, बंद केला की थांबतं, पाचवर नेला तरी थांबतं. संशय भिंतीतल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर आहे. रविवारी तो काढून कपॅसिटरवाला बसवतो, मग सांगतो.