पंचवीस यार्डांचा झीरो: टूसॉन ते फिनिक्स व्हाया मनस्ताप

"पंचवीस यार्डांवर झीरो करून घे, दोनशेवर आपोआप लागेल." झीरो करणं म्हणजे ठरलेल्या अंतरावर गोळी नेम धरला तिथेच लागेल असा स्कोप, म्हणजे रायफलवरची दुर्बीण, जुळवणं. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये मला तीन जणांनी हेच सांगितलं. स्कोप नळीपासून किती उंच बसवलाय, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. त्या एका प्रश्नापायी दोन शनिवार आणि डबाभर काडतुसं गेली.

रायफल .308 विंचेस्टर, गोळी 150 ग्रेन वजनाची. यंदा कूज हरणाचा टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, सोडतीत लागला. ही हरणं चणीने लहान, आणि दक्षिण ॲरिझोनात दिसतात ती बहुतेक दरीपलीकडच्या उतारावर. तिथे दोनशे यार्ड म्हणजे जवळच.

पहिला शनिवार गावातल्या एका इनडोअर शूटिंग रेंजवर. लेन जेमतेम 25 यार्डांची. बाहेरची काडतुसं चालत नाहीत, त्यांचीच घ्यायची, तीही जवळजवळ दुप्पट भावाने. टार्गेटच्या कागदाचे पैसे वेगळे. घड्याळ मात्र आपण रायफल पिशवीतून काढायच्या आतच सुरू! लूट आहे. रायफल घेऊन तिथे जाऊ नका.

त्या घाईत मी आणखी एक माती खाल्ली. नेम सरकवायला स्कोपवरची चकती (टरेट) फिरवायची, तिची एक खाच म्हणजे एक क्लिक. स्कोपच्या खोक्यावर 'एक क्लिक = पाव इंच' लिहिलेलं असतं, पण ते शंभर यार्डांवर. पंचवीसवर तोच क्लिक इंचाचा सोळावा भाग. मी इंचभर सरकवायला चार क्लिक फिरवले. गोळी पाव इंच सरकली. मला वाटलं स्कोप बिघडलाय. सोळा क्लिक लागतात, हे कळेपर्यंत बारा काडतुसं उडाली होती. शेवटी तीन गोळ्या जवळजवळ एकाच भोकात. एनसीसीत पॉइंट टू-टूने पंचवीस यार्डांवर काढलेला ग्रुप आठवला, छाती फुगली.

दुसऱ्या शनिवारी पहाटे निघून फिनिक्सच्या उत्तरेला बेन ॲव्हरी गाठलं. सरकारी रेंज, दोनशे यार्डांपर्यंत टार्गेट लावता येतात, व्यवस्था चोख. त्याबद्दल एवढंच पुरे.

शंभरवर गोळी चार इंच वर. दोनशेवर पाच इंच वर, शिवाय दोन इंच डावीकडे. इनडोअरची उरलेली काडतुसं मारून पाहिली, तीही वरच. म्हणजे दोष काडतुसांचा नव्हता.

घोळ रिंगांचा होता, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या कड्यांचा. स्कोपची पुढची काच मोठी म्हणून दुकानदाराने उंच रिंगा गळ्यात मारल्या होत्या. नळीच्या मध्यापासून स्कोपचा मध्य दोन इंच वर. पंचवीसवर गोळी आणि स्कोपमधली नजरेची रेषा यांची गाठ घालायची तर नळी जास्तच वर रोखावी लागते, आणि मग गोळी पुढे चढतच जाते. हिशोब केला तर माझी गोळी नजरेच्या रेषेवर परत येते तीनशेच्या आसपास! हीच रायफल दीड इंच उंचीच्या स्कोपने शंभरवर अडीच-पावणेतीन इंच वर जाऊन सव्वादोनशेच्या जरा पुढे खाली आली असती. ते तिघे खोटं बोलले नव्हते, त्यांच्या रिंगा बुटक्या होत्या. डावीकडचे दोन इंच मात्र माझेच. पंचवीसवर पाव इंच डावीकडे बसत होतं, मी म्हटलं चालतंय. दोनशेवर ते आठपट होतं.

दोनशेवर एक क्लिक म्हणजे अर्धा इंच. दहा खाली, चार उजवीकडे. पुढच्या पाच गोळ्या मधोमध. आनंदाने ओरडलोच, शेजारच्या बेंचवरचे आजोबा दचकले.

तेव्हा आधी फूटपट्टीने स्कोपची उंची मोजा. दोनशेचा झीरो हवा असेल तर पंचवीसवर माझ्यासारख्या दोन इंची स्कोपने गोळी मध्याच्या अर्ध्या इंचाहून थोडी जास्त खाली बसू द्या. दीड इंची असेल तर साधारण पाव इंच. डावं-उजवं मात्र अगदी मध्यावर. आणि हे फक्त गोळी दोनशेवरच्या कागदावर येण्यापुरतं. शिकारीची काडतुसं घेऊन खरोखर दोनशेवर मारून पाहिल्याशिवाय हरणावर रायफल उचलू नका. दर तीन गोळ्यांनंतर नळी गार होऊ द्या. सीझफायर झाला, म्हणजे सगळ्यांचा गोळीबार थांबवला, की चडफडू नका, नळी तेवढीच निवते.

टरेटची टोपणं आठवणीने परत लावा. माझं एक त्या बेंचवरच राहिलं.